दुभाषी

बदलीच्या नोकरीत माणसाजवळ फारसे सामान राहत नाही. दर पाच-सहा वर्षांनी बिऱ्हाड हलवावयाचे म्हटले की कपाटे, पलंग, कुंड्या यांचा मोह आपोआप सुटत जातो. आणि शेवटी ट्रकवाल्याने दोरी आवळली म्हणजे तिच्याखाली दोनच प्रकारच्या वस्तू उरलेल्या असतात. एक, ज्यांच्यावाचून चालत नाही त्या. आणि दुसऱ्या, ज्यांचा कवडीचा उपयोग नाही पण ज्या टाकवतही नाहीत त्या. आमच्या घरी दुसऱ्या वर्गात एक पितळी अडकित्ता आहे (घरात सुपारी कोणीच खात नाही), साडेचारला कायमचे थांबलेले एक भिंतीवरचे घड्याळ आहे, आणि पंधरा वर्षांचा एक लॅपटॉप आहे. वाचकांपैकी पुष्कळांच्या बिऱ्हाडांत अशी यादी थोड्याफार फरकाने सापडेल, म्हणून तिचे समर्थन करीत बसत नाही.

लॅपटॉप मूळचा आमच्या वडिलांचा. वडील वाईला भूमी अभिलेख खात्यात होते. २०१० साली अठ्ठावन्न वर्षे पुरी होऊन ते निवृत्त झाले, आणि हाती आलेल्या पैशांतून त्यांनी केवळ स्वतःसाठी म्हणून आयुष्यात पहिल्यांदा जी वस्तू घेतली ती ही. टंकलेखन यंत्रावर बसलेली बोटांची सवय मोडून त्यांनी साठीच्या घरात इनस्क्रिप्टचा कळफलक नव्याने पाठ केला. मग रोज दुपारी चहा झाल्यावर ते त्याच्यापुढे बसत. घरखर्चाचे हिशेब, नगरपालिकेला द्यावयाचे अर्ज, नातेवाइकांचे पत्ते, सारे काही त्यांनी त्यात उतरवले. फाइलीला नाव मराठीत द्यावयाचे आणि पुढे सालाचा आकडा इंग्रजीत लिहावयाचा, ही त्यांची शिस्त होती. खात्यात चाळीस वर्षे काढलेल्या माणसाला बिनसालाची फाइल पाहवत नाही.

जून २०२१ मध्ये वडील गेले. पुढच्या वर्षी आईने लॅपटॉप आमच्या हवाली केला आणि तो नेत्रावती एक्सप्रेसने आमच्याबरोबर तिरुवनंतपुरमला आला. वजन जवळजवळ तीन किलो. बॅटरी केव्हाच निकामी झालेली, त्यामुळे दावणीला बांधलेल्या गुरासारखा तो सदैव भिंतीतल्या खुंटीशी जोडलेला. आत विंडोज ७ होते, आणि त्याची देखभाल त्याच्या निर्मात्यांनी जानेवारी २०२० मध्येच थांबवली होती. लॅपटॉप सुरू करून स्नानाला जावे आणि परत यावे, तरी तो विचारच करीत असे.

येथे आम्ही पेरूरकडा भागात एका घराच्या वरच्या मजल्यावर राहतो. खाली घरमालक, त्यांची वृद्ध आई आणि त्यांची मुलगी. ही मुलगी तेव्हा आठवीत होती. तिने एकदा लॅपटॉपकडे पाहिले आणि एखाद्या वैद्याने नाडी पाहून सांगावे तसे सांगितले, "अंकल, यात लिनक्स घाला." आम्ही बी. कॉम. लिनक्स हे नाव आम्ही ऐकून होतो, पण ते शास्त्रज्ञांचे आणि चष्मिस्ट तरुणांचे काहीतरी असावे अशी आमची समजूत. आठवीतल्या मुलीच्या तोंडी ते भाजीच्या नावासारखे सहज आले याचे आम्हांला नवल वाटले.

नवल आमच्या अज्ञानाचे होते. केरळच्या शाळांत ते खरोखरच भाजीभाकरीइतके साधे आहे. शाळांतून संगणक शिकवण्याचा येथील सरकारचा प्रकल्प या शतकाच्या आरंभी निघाला. पुढे त्याने मुक्त प्रणालींचा अंगीकार केला, आणि २०१७ साली त्याचे 'काइट' नावाच्या संस्थेत रूपांतर झाले. ही संस्था स्वतःची लिनक्सची आवृत्ती तयार करून शाळांना देते. मुक्त सॉफ्टवेअरचा पुरस्कार करणारी जी भारतीय संस्था आहे, तिचे उद्घाटनही जुलै २००१ मध्ये याच तिरुवनंतपुरमात रिचर्ड स्टॉलमन यांच्या हस्ते झाले. हेलसिंकीतल्या एका एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ साली हौसेखातर लिहावयास घेतलेली वस्तू फिरत फिरत येथल्या मुलींच्या दप्तरात आली, आणि तेथून आमच्या जिन्याने वर. एका रविवारी तिने दोन तासांत विंडोज काढून लिनक्स बसवले. वडिलांच्या फाइली आम्ही आधी एका पेन ड्राइव्हवर घेतल्या, मग एक कप्पा करून त्यात जशाच्या तशा ठेवल्या, आणि पुढे त्याच पेन ड्राइव्हवर कार्यालयाची कामे नेऊ लागलो. त्या फाइली उघडून पाहण्याचे मात्र टाळले. का टाळले, ते पुढे येईल.

तीन वर्षे सुखाने गेली. लॅपटॉप झटपट सुरू होई, आमची कन्या त्यावर चित्रे रंगवी, आम्ही वर्तमानपत्रे वाचीत असू. एकच उणीव होती. चलच्चित्र लावले की ते अडखळे. माणूस पळू लागला की त्याचे डोके पुढे आणि धड मागे राही. "बाबा, याला उचकी लागते," असे कन्येचे निदान होते. गेल्या ऑक्टोबरात दोन दिवस जोडून सुट्टी आली आणि ही उचकी आपण थांबवावी असे आमच्या मनाने घेतले. सुखात असलेल्या माणसाला सुट्टी मिळू नये.

शोध करता दोष ड्रायव्हरचा निघाला. ड्रायव्हर म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे खाकी कपड्यांतला एस.टी.चा चालक उभा राहतो. संगणकातला ड्रायव्हर काही हाकत नाही. तो मध्ये उभा राहून बोलतो. यंत्राच्या पोटात कर्नल नावाचा जो मुख्य कारभारी असतो त्याची भाषा एक, आणि पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाची भाषा दुसरी. कारभारी म्हणतो, येथे एक खिडकी काढ. कार्डाला ते कळत नाही. त्याला कळते ते इतकेच, की अमुक क्रमांकाच्या रजिस्टरात तमुक आकडा लिहिला गेला. (कार्डाच्या पोटातही रजिस्टरेच असतात हे वाचून आम्हांला घरच्यासारखे वाटले.) या दोघांमध्ये उभा राहून एकाचे म्हणणे दुसऱ्याच्या गळी उतरवणारा तो ड्रायव्हर. त्याला दुभाषी म्हटले असते तर आमच्यासारख्या परप्रांतात नोकरी करणाऱ्याला एका क्षणात समजले असते.

कारण दुभाष्यावाचून माणसाचे काय होते हे आम्ही जाणतो. भोपाळहून २०१८ साली येथे बदली झाली तेव्हा हिंदीच्या जोरावर निभावून नेऊ असा आमचा तोरा होता. पहिल्याच आठवड्यात तो बसच्या पाट्यांनी उतरवला. आम्ही रीतसर पुस्तक आणले, अक्षरे गिरवली, क्रियापदांचे तक्ते केले, आणि आजतागायत आमची मल्याळम् त्या तक्त्यांच्या बाहेर पडलेली नाही. सौभाग्यवतींनी पुस्तक उघडलेही नाही. त्यांचे माहेर रत्नागिरीचे. त्या चालै बाजारात जाऊन नुसत्या उभ्या राहू लागल्या. पुढची बाई काय म्हणते, मासळीवाली कोणत्या टोपलीला हात घालते, किती पैसे देवघेव होते, हे मुकाट्याने पाहावयाचे. अयला म्हटल्यावर बांगडा उचलला गेला, चाळा म्हटल्यावर तारली. दोन महिन्यांत त्या घासाघीस करू लागल्या आणि सहा महिन्यांत खालच्या अम्मूम्मांशी भांडण्याइतकी प्रगती झाली. आता बाजारात आणि दवाखान्यात त्या बोलतात आणि आम्ही पिशवी धरतो.

असो. आमच्या लॅपटॉपातले कार्ड ज्या कंपनीचे, तिचा स्वतःचा एक दुभाषी आहे, आणि तो अधिक चपळ आहे, असे आमच्या वाचनात आले. येथे आमची मती फिरली. त्या जुन्या कार्डासाठी कंपनीने शेवटचा ड्रायव्हर २०१९ च्या अखेरीस काढला होता. त्यानंतर कर्नल कितीतरी बदलला होता. जुन्या दुभाष्याला नव्या कारभाऱ्याची भाषा येणार नाही, एवढे आमच्या लक्षात यावयास हरकत नव्हती. पण आम्ही तो उतरवून घेतला. त्याने पहिलाच प्रश्न विचारला : सध्या कामावर असलेल्या 'नूवो' नामक ड्रायव्हरला दूर करू काय? आम्ही म्हटले, कर. मग नव्या दुभाष्याची जुळणी करताना पडद्यावरून इंग्रजी ओळींचा लोंढा वाहत गेला आणि शेवटी काहीतरी फसल्याचे निवेदन आले. आम्ही ते वाचले, परंतु मानले नाही. कोणा सल्लागाराने लिहिल्याप्रमाणे एक लहानशी फाइल स्वहस्ते तयार केली, तीत यापुढे अमुकच ड्रायव्हर वापरावा असा हुकूम लिहिला, आणि लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला.

पडदा काळा. वरच्या डाव्या कोपऱ्यात एक बारीकशी रेघ तेवढी लुकलुकत होती.

बाहेर तुलावर्षमाचा पाऊस विजांसह कोसळत होता. आम्ही तीनदा बंद करून तीनदा सुरू केला. फोनवर शोधून 'नोमोडसेट' हा मंत्र मिळवला. सुरुवातीच्या यादीवर थांबून 'ई' दाबावयाचे, लिनक्स या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी तो लिहावयाचा आणि एफ-दहा दाबून पुढे जावयाचे. मग कर्नल कार्डाच्या वाटेस न जाता साध्या पडद्यावर काम चालवतो. पुष्कळांना त्याने गुण येतो. आम्हांला आला नाही. औषध चांगले होते, पण आमचा रोग दुसरा होता. स्वहस्ते लिहिलेला हुकूम अजून आत बसून होता.

तेव्हा आम्हांला प्रथम त्या कप्प्याची आठवण झाली. वडिलांच्या फाइलींची दुसरी प्रत कोठेही नव्हती. पेन ड्राइव्ह तर आम्हीच कधी पुसला होता ते स्मरत नव्हते. सरकारी कागदाच्या चार-चार प्रती काढण्यात ज्याचा जन्म गेला, त्याने घरच्या कागदाची एक प्रतसुद्धा काढू नये! सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. त्या सरळ जिना उतरून गेल्या.

मुलगी वर आली. आता ती अकरावीत आहे. येथे त्याला प्लस वन म्हणतात. तिने आमची कैफियत ऐकून घेतली नाही. प्रथम कॅप्स लॉकची कळ दाबली. कळीवरचा इवलासा हिरवा दिवा लागला. पुन्हा दाबली, विझला.

"चत्तिट्टिल्ला," ती म्हणाली.

"मेलेला नाही," सौभाग्यवतींनी भाषांतर केले.

ही परीक्षा आम्ही येथे मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण तिला खर्च नाही. पडदा काळा असूनही तो दिवा हुकूम पाळत असेल तर समजावे की कारभारी आत जागा आहे, आपले ऐकतो आहे. उत्तर देण्याची वाट तेवढी बुजली आहे. आम्ही तो दिवा चार-पाच वेळा उगाचच लावून विझवून पाहिला.

मग तिने कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-तीन या तीन कळा एकदम दाबल्या, आणि काळ्या पडद्यावर ठसठशीत पांढऱ्या अक्षरांत लॅपटॉपने आमचे नाव विचारले. चित्रांचा दरबार बंद असला तरी लिखापढीची ही मागची खिडकी उघडी असते. नाव आणि परवलीचा शब्द दिल्यावर आत प्रवेश मिळाला. तिने वडिलांच्या कप्प्यातील फाइलींची यादी मागवली.

यादी आली. एकाखाली एक, पाऊणशेच्या वर ओळी. आणि प्रत्येक ओळीत अक्षरांच्या जागी पांढरे ठोकळे. या मागच्या खिडकीला देवनागरी येत नाही. तिच्याजवळ जेमतेम पाचशे चिन्हांची पेटी असते आणि काना-मात्रा-जोडाक्षरांची जुळणी करण्याची तिला विद्या नाही. ठोकळ्यांच्या शेवटी साल तेवढे वाचता येत होते : २०११, २०१३, २०१३, २०१६, २०१९. वडिलांनी साल इंग्रजी आकड्यांत लिहिले होते म्हणून. कोणती फाइल हिशेबाची, कोणती पत्राची, काही कळण्यास मार्ग नव्हता. समोर वडिलांचे सारे लिहिणे होते आणि आम्हांला त्यातली फक्त वर्षे वाचता येत होती.

"अंकल, आधी कॉपी, मग रिपेअर," मुलगी म्हणाली. पेन ड्राइव्ह जोडून तिने तो कप्पा सबंध उतरवून घेतला. ठोकळे असोत की अक्षरे असोत, प्रत काढणाऱ्याला फरक पडत नाही. हे आम्हां कारकुनांना कोणी शिकवावयास नको.

आमचा जीव भांड्यात पडला. आम्ही तिला म्हटले, परीक्षेच्या दिवसांत तुला उगाच त्रास दिला. ती म्हणाली, "सारमिल्ला."

नंतर तिने कार्डाची चौकशी केली. लॅपटॉपने कार्डाचे नाव, गाव, क्रमांक सर्व सांगितले. पण 'कामावर असलेला ड्रायव्हर' ही ओळच त्यात नव्हती. जागा रिक्त. तिने एक फाइल उघडून दाखवली. तीत 'नूवो' हे नाव होते आणि त्यापुढे स्पष्ट हुकूम होता, की यास काळ्या यादीत टाकावे. हुकमावर सही आमची. दोन तासांपूर्वी आम्हीच 'कर' म्हणालो होतो.

या नूवोची हकीकत आम्ही पुढे सवडीने वाचली, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. ही कार्डे बनवणाऱ्या कंपनीने त्यांची भाषा कोणाला सांगितली नव्हती. व्याकरण नाही, कोश नाही. तेव्हा २००६ च्या सुमारास काही हौशी मंडळींनी ठरवले की नुसते पाहून ती शिकावयाची. त्यांनी एक युक्ती केली. कंपनीच्याच ड्रायव्हरकडून कार्डाला एखादा लहानसा आकार काढावयास लावावयाचा, आणि त्यापूर्वी व त्यानंतर कार्डाच्या रजिस्टरांत काय बदलले याची नोंद घ्यावयाची. मग आकार बदलावयाचा, पुन्हा नोंद. ज्यांच्याजवळ निरनिराळी कार्डे होती अशा कितीतरी देशांतल्या लोकांनी आपापल्या घरी हा प्रयोग करून नोंदी पाठवल्या. त्या ढिगाऱ्यातून एकेका रजिस्टराचा अर्थ लागत गेला, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये हा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये दाखल झाला. वडील निवृत्त झाले ते हेच साल. नूवो हे नावही गमतीने पडले. या कामाच्या प्रवर्तकाच्या संगणकात फ्रेंच शब्द आपोआप सुचवण्याची सोय होती; त्याने जुन्या ड्रायव्हरची 'एन व्ही' ही दोन अक्षरे लिहिली की यंत्र 'नूवो', म्हणजे 'नवा', असे सुचवी. ते तसेच राहिले.

लिनक्सचे जनक टॉरवल्ड्स यांनी २०१२ साली फिनलंडमधील एका सभेत या कंपनीच्या मौनाबद्दल कॅमेऱ्याकडे बोट करून जे उद्गार काढले ते या मासिकात छापता येण्याजोगे नाहीत. मे २०२२ मध्ये तिने आपल्या ड्रायव्हरचा काही भाग खुला केला, हेही सांगितले पाहिजे. पण तो नव्या कार्डांपुरता. आमच्या म्हाताऱ्याचे बोलणे ज्यांना कळते ते हे नूवोवालेच. त्यांची वाणी अडखळते खरी. ज्याने व्याकरणावाचून भाषा शिकली तो थोडा अडखळणारच.

हे वाचत असताना आम्हांला आईची आठवण झाली.

नोव्हेंबर २०१९ मध्ये वडिलांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि वाणीही गेली. साताऱ्याच्या डॉक्टरांनी वाचाघात हा शब्द सांगितला. ऐकलेले पुष्कळसे त्यांना समजते, पण मनातले बोलण्यावाटे बाहेर येत नाही आणि लिहिण्यावाटेही येत नाही, असे ते म्हणाले. आम्ही पंधरा दिवसांची रजा काढून गेलो होतो. खाटेशी बसून बोललो. ते नुसते पाहत. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून आम्ही त्यांच्याशी बोलण्याऐवजी त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी बोलू लागलो. हे त्या वेळी ध्यानात आले नाही.

आई मात्र सौभाग्यवती चालै बाजारात उभ्या राहत तशी त्यांच्यापाशी बसून राही. डावी भुवई उचलली की पाणी. अंगठा दोनदा हलला की खिडकी. दोन्ही डोळे मिटून उघडले की पुरे. काही चुकले की ते तोंड फिरवीत, आणि मग आई दुसरा अर्थ लावून पाही. फोनवर ती सांगे, "अरे, ते म्हणताहेत पावसात भिजत जाऊ नकोस." आम्हांला वाटे, हे हिचेच शब्द, बिचारी मनाने रचते आहे.

मग मार्च २०२०. गाड्या बंद झाल्या, आणि आम्ही येथे अडकलो. त्या एप्रिलमध्ये एकदा आईचा फोन आला. चार दिवस वडील डाव्या हाताची बोटे पांघरुणावर आपटीत होते. आईने जपमाळ दिली, वर्तमानपत्र दिले, तबकात खडीसाखर दिली. ते तोंड फिरवीत राहिले. पाचव्या दिवशी तिच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तिने कपाटातून लॅपटॉप काढून पुढ्यात ठेवला. त्यांनी तोंड फिरवले नाही.

"त्यांना तुला काहीतरी दाखवायचंय रे त्यातलं," आई म्हणाली. "मला हे उघडता येत नाही. तू फोनवर सांगशील का कुठलं बटण दाबायचं ते?"

"कशावरून दाखवायचंय?"

"मला कळतं."

आम्ही म्हणालो, "आई, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना? त्यांना आता ते जमायचं नाही. उगाच थकवू नकोस नानांना. गाड्या सुरू झाल्या की मी येतोच, मग बघू."

गाड्या सुरू होऊन आम्ही पोहोचलो तेव्हा ऑक्टोबर उजाडला होता. वडिलांची बोटे तोवर स्वस्थ झाली होती. लॅपटॉप पुन्हा कपाटात गेला होता. आम्ही तो विषय काढला नाही, आईनेही काढला नाही. त्या फाइली आम्ही इतकी वर्षे का उघडल्या नाहीत, याचे उत्तर एवढेच आहे.

तर आमची मुलगी-वैद्य पुढे काय करती झाली ते सांगतो. काळ्या यादीचा हुकूम तिने खोडून टाकला. परंतु तेवढ्यावर ती थांबेना. लॅपटॉप सुरू होताना कर्नलच्या हाती एक लहानसे गाठोडे दिले जाते, आणि त्या गाठोड्यातही हुकमाची एक प्रत असते. मूळ आदेश रद्द केला तरी प्रत दुरुस्त केली नाही तर कोठेतरी ती वर निघायचीच, असा तिचा नियम. हा नियम आमच्या कार्यालयातील कोणाही विभाग अधिकाऱ्याने उचलून धरला असता. एक आज्ञा देऊन तिने गाठोडे नव्याने बांधून घेतले आणि लॅपटॉप पुन्हा सुरू केला.

पडदा पुन्हा काळा. पण आम्ही मागच्या खिडकीने आत गेलो तेव्हा अक्षरे पूर्वीसारखी ठसठशीत नव्हती. बारीक, रेखीव, पडदाभर पसरलेली होती. मुलगी खूश झाली. नूवो कामावर रुजू झाल्याची ती खूण होती. पडद्याची खरी लांबीरुंदी कोणीतरी कारभाऱ्याला सांगितली होती. मग आता अडते कोठे? तिने दरबाराची रोजनिशी काढली. तीत चुकीच्या प्रत्येक ओळीपुढे कंसात दोन 'ई' लिहिलेले असतात, तेवढेच वाचावयाचे. अखेरची ओळ अशी होती, की एकही पडदा सापडत नाही. डोळ्यांसमोर पंधरा इंची पडदा प्रकाशत असता त्यानेच असे म्हणावे याची आम्हांला गंमत वाटली. पण दोष त्याचा नव्हता. आम्ही स्वहस्ते लिहिलेल्या हुकमात ज्या दुभाष्याचे नाव होते तो जन्मालाच आला नव्हता, आणि दरबार त्याच्यासाठी खोळंबला होता. तिने तो हुकूम फाडला नाही. त्याचे नाव बदलून बाजूस ठेवून दिला. "अंकल, डिलीट कधी करू नये," असे म्हणाली. ही मुलगी एक दिवस लेखापरीक्षणात जाणार.

रात्री पावणेनऊला पडद्यावर रंग आले.

पाऊस ओसरला होता. मुलगी सौभाग्यवतींच्या हातचे थालीपीठ खात बसली आणि आम्ही तो कप्पा उघडला. ठोकळ्यांची पुन्हा अक्षरे झाली होती. किराणा २०११. पाणीपट्टी तक्रार २०१३. दमयंतीमावशी पत्ता बदल २०१३. गच्ची गळती २०१६. सगळ्यांत खाली होते, 'त्रिवेंद्रम शब्द २०१९'.

जानेवारी २०१९ मध्ये वडील आमच्याकडे वीस दिवस राहून गेले होते. आम्ही कार्यालयात जात असू. दिवसभर ते खालच्या अंगणात अम्मूम्मांपाशी बसलेले असत, एवढेच आम्हांला ठाऊक. मुलीने मान वळवून पडद्याकडे पाहिले आणि ती हसू लागली. तेव्हा ती पाचवीत होती. "तो अप्पूप्पन रोज मला विचारायचा," ती तिच्या शाळेतल्या हिंदीत म्हणाली, "हर चीज़ पर उँगली रखकर : एन्ता? एन्ता?" म्हणजे, हे काय, हे काय.

दोन रकाने होते, भूमी अभिलेखाच्या शिस्तीने आखलेले. वेळ्ळम्, पाणी. एत्र, किती. इरिक्कू, बसा. पट्टी, कुत्रा, पुढे कंसात, 'सांभाळून वापरणे'. मती, पुरे. चोर, भात, पुढे उद्गारचिन्ह. मोने, अरे मुला. असे एकशे चौदा शब्द होते. हे लॅपटॉपवर केव्हा उतरवले असतील कोण जाणे. वाईला परत गेल्यावर, दुपारच्या चहानंतर. पांघरुणावर आपटणाऱ्या बोटांना हीच फाइल दाखवावयाची होती की पाणीपट्टीची, ते आता समजण्यासारखे नाही. आईला विचारले. ती म्हणाली, "मला काय माहीत? तेव्हाच बघायला हवं होतं."

शब्दांपैकी नऊ-दहांपुढचा रकाना मोकळा होता. तेथे वडिलांनी 'विचारणे' असे लिहून ठेवले होते. त्यांत 'सारमिल्ला' हाही शब्द होता. आम्ही तो भरावयास घेतला आणि 'काही हरकत नाही' असे लिहिले. सौभाग्यवतींनी ते मागून वाचले आणि म्हणाल्या, "अहो, एवढं लांब नको. नुसतं 'असू दे' लिहा." मग राहिलेले शब्द मुलीने आणि त्यांनी मिळून सांगितले, आम्ही टंकलेखन केले, आणि वडिलांचा 'वेळ्ळम्' बरोबर आहे की नाही यावर त्या दोघींचा वाद चालू असता आम्ही फाइल दोन ठिकाणी जतन करून एक प्रत छापून आईला टपालाने पाठवली.

चलच्चित्रांची उचकी आहे तशीच आहे.